गाडी उलटी करून बघा

न्युर्नबर्गमध्ये वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरमध्ये, जुन्या शहराच्या गल्ल्यांतून 'ट्रेम्पेलमार्क्ट' भरतो. पुण्यातला जुना बाजार पाहिला असेल तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. कुणाच्या आजीचे चहाचे कप, कुणाच्या आजोबांची घड्याळं, पितळी नळ, बंद पडलेले कॅमेरे, डबाभर बटणं. मुरलेले शौकीन टॉर्च घेऊन अंधारातच फिरायला लागतात.

मी नोकरीसाठी या शहरात येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. घरात एक गादी, एक टेबल आणि आईनं दिलेला कुकर. घ्यायचं काहीच नव्हतं, नुसता फिरत होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अंथरलेल्या चादरीवर पत्र्याची एक लाल गाडी दिसली. चावीची होती, पण चावी गायब. मी ती उचलली, चाकं फिरवून बघितली, किंमत विचारली.

"पंधरा युरो," ते म्हणाले. मग माझ्या हातातून गाडी घेतली आणि उलटी केली. "तुम्ही वरून बघताय. गाडी आधी उलटी करून बघायची."

खाली गंजाळलेल्या पत्र्यावर बारीक अक्षरं होती: 'मेड इन यूएस-झोन जर्मनी'.

१९४५ मध्ये जर्मनी हरला आणि देशाचे चार तुकडे करून अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशियानं वाटून घेतले, हे मी शाळेत शिकलो होतो. परीक्षेत दोन मार्कांना लिहिलंही असेल. पण त्या फाळणीचा शिक्का एका पोराच्या खेळण्याच्या पोटावर असू शकतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. न्युर्नबर्ग अमेरिकेच्या वाट्याला आलं होतं. जर्मनी नावाचं स्वतंत्र राज्य तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. मग परदेशी विकायच्या मालावर देशाचं नाव काय लिहायचं? तर, अमेरिकेच्या ताब्यातला जर्मनी.

पंधरा युरो दिले. तिथून हे वेड लागलं.

पोटावरची अक्षरं

आज माझ्याकडे साठ-सत्तर जर्मन गाड्या आहेत आणि डझनभर छोटे कॅराव्हॅन. मोठ्या संग्राहकांच्या मानानं ही चिल्लर आहे. पण आता मी कुठलीही गाडी हातात घेतली की आधी उलटी करतो, आणि तेवढ्यावरून तिचा काळ बऱ्यापैकी सांगू शकतो.

'डी.आर.जी.एम.' अशी अक्षरं असतील तर रचनेची नोंदणी जुन्या जर्मन साम्राज्याच्या, म्हणजे 'राइश'च्या कार्यालयात झालेली. हा शिक्का एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालला. 'यूएस-झोन' असेल तर युद्धानंतरची पहिली काही वर्षं. 'वेस्टर्न जर्मनी' असेल तर १९४९ नंतर, देशाचे दोन देश झाल्यावर. 'जीडीआर' किंवा 'डीडीआर' असेल तर भिंतीपलीकडची, पूर्व जर्मनीतली. आणि नुसतंच 'जर्मनी' असेल तर जरा सांभाळून. ती खूप जुनी असू शकते, अगदी अलीकडची असू शकते, किंवा कुणीतरी त्यातलं काहीतरी पुसलेलं असू शकतं.

हे शेवटचं मी खात्रीनं सांगतो, कारण पुसणारा मीच होतो.

ती पहिली लाल गाडी घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी साफ करायला घेतली. गंज बघवेना. स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि कढई घासावी तशी घासली. पत्रा चकचकीत झाला. मग लक्षात आलं की 'यूएस-झोन' ही अक्षरं गेली होती. 'जर्मनी' तेवढं उरलं होतं.

सप्टेंबरच्या बाजारात ते गृहस्थ पुन्हा भेटले. मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "माझी आई असल्या गाड्यांचे पत्र्याचे कान वाकवायची," ते म्हणाले. "ते शिक्के आम्हाला आवडायचे नाहीत. पण होते ना." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

खेळण्यांचं गाव

पत्र्याचे कान म्हणजे काय, ते सांगतो. जुनी पत्र्याची गाडी नीट बघितलीत तर तिला स्क्रू किंवा डाग सापडत नाही. आधी सपाट पत्र्यावर छपाई करायची. दरवाजे, दिवे, खिडक्या, कधीकधी आत बसलेला ड्रायव्हरसुद्धा, सगळं रंगात छापलेलं. मग ठशाखाली दाबून त्याला आकार द्यायचा. एका तुकड्याच्या कडेला बारीक पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या दुसऱ्या तुकड्याच्या खाचेतून घालायच्या आणि आतून वाकवायच्या, झाली गाडी जोडून. पोटात स्प्रिंग आणि दातेरी चक्रं. बोटं चपळ लागतात आणि सोलून निघतात.

न्युर्नबर्गला हा धंदा शेकडो वर्षांचा. मध्ययुगात इथे बाहुल्या बनत, मग कथलाचे शिपाई आले, आणि एकोणिसाव्या शतकात पत्र्याची आगगाडी आणि चावीची खेळणी. आपल्याकडे सावंतवाडी म्हटलं की लाकडी खेळणी आठवतात, तसं युरोपात खेळणं म्हटलं की न्युर्नबर्ग.

यातलं सर्वांत गाजलेलं नाव शुको. १९१२ मध्ये हाइनरिश म्यूलर आणि हाइनरिश श्रेयर या दोघांनी कंपनी सुरू केली. 'श्रेयर अँड कंपनी'चा संक्षेप होऊन 'शुको' झालं. म्यूलर हा खरा डोकेबाज माणूस. त्यानं एक गाडी काढली जी टेबलावरून पळत काठापर्यंत जाते आणि खाली न पडता वळते. जादू वगैरे काही नाही. पोटाखाली पुढच्या बाजूला एक आडवं चाक असतं. पुढची चाकं काठाबाहेर गेली की नाक खाली येतं, ते आडवं चाक टेबलाला टेकतं आणि गाडीला बाजूला ओढतं. १९३६ च्या सुमाराला 'एक्झामिको' आली, बीएमडब्ल्यू ३२८ च्या धर्तीवर. तिला चार गिअर, रिव्हर्स, क्लच आणि हँडब्रेक. पोरगं तिच्यावर ड्रायव्हिंगचे धडे गिरवू शकेल, अशी.

मी हे सगळं डोळे विस्फारून वाचत होतो. मग सालाकडे लक्ष गेलं. १९३६. न्युर्नबर्ग. याच शहरात नाझी पक्षाचे ते अवाढव्य मेळावे भरत होते. आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे इथल्याच मेळाव्यात जाहीर झाले आणि या शहराचंच नाव त्यांना चिकटलं. आणि श्रेयर बाहेर पडल्यानंतर शुकोमध्ये म्यूलरचा जो भागीदार होता, तो अडोल्फ कान, ज्यू होता. दशक संपता संपता त्याला कंपनी आणि देश दोन्ही सोडून इंग्लंडला जावं लागलं.

टेबलाच्या काठावरून न पडणारी गाडी बनवणाऱ्या कंपनीतला एक भागीदार असा काठावरून ढकलला गेला होता.

साताऱ्याच्या शोकेसमधली हिरवी गाडी

इथे थोडं आमच्या घरी जाऊन येऊ.

साताऱ्यातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत एक काचेचं शोकेस होतं. त्यात शंख, ताजमहाल, स्पर्धेतले दोन कप आणि मधोमध एक छोटी हिरवी व्हॅन. दोन छटांची हिरवी, खिडक्यांना खऱ्या काचेसारखं प्लास्टिक. बाबांचे मामा बोटीवर होते. त्यांनी १९६४ च्या सुमाराला लंडनहून ती बाबांना आणली. घरात एकच कायदा होता: शोकेसला हात लावायचा नाही.

सातवीत असताना मी लावला. दुपारी बाबा ऑफिसात, आई झोपलेली. फरशीवरून चार फेऱ्या मारल्या आणि पाचव्या फेरीला गाडी उंबऱ्यावरून खाली. पुढच्या कोपऱ्याचा रंग उडून आतला पांढुरका धातू दिसायला लागला. मी ती परत ठेवली. संध्याकाळी बाबांनी बघितलं, काहीच बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी गाडीचं तोंड भिंतीकडे होतं.

ती गाडी म्हणजे कॉर्गी टॉइज या ब्रिटिश कंपनीची फोक्सवॅगन कोंबी. जर्मन गाडीची ब्रिटिश प्रतिकृती, एवढंच मला माहीत होतं.

न्युर्नबर्गच्या शुकोबद्दल वाचता वाचता मी टिपकोपर्यंत पोचलो. 'टिप अँड कंपनी', सुरुवात १९१२, हीसुद्धा याच शहरातली. पत्र्याच्या मोठ्या, देखण्या गाड्यांसाठी प्रसिद्ध. मालक फिलिप उलमान, ज्यू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि उलमानना देश सोडावा लागला. त्यांच्यामागे कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली आणि तिथून लष्करी गाड्या निघू लागल्या. टिपकोची एक मर्सिडीज तर प्रत्यक्ष हिटलरची गाडी म्हणून विकली जायची, आत त्याची छोटी मूर्ती बसवून. ज्याची कंपनी होती तो हद्दपार, आणि त्याच्याच कंपनीच्या खेळण्यात त्याला हद्दपार करणारा बसलेला.

उलमान इंग्लंडमध्ये नॉर्थम्प्टनला पोचले आणि त्याच वर्षी पुन्हा सुरुवात केली. सोबत आर्थर कात्झ हे नातलग. नव्या कंपनीचं नाव मेटॉय, म्हणजे मेटल टॉय. न्युर्नबर्गचं पत्रा छापायचं, वाकवायचं कसब आता इंग्लंडमध्ये. युद्धानंतर त्यांनी वेल्समध्ये, स्वान्सीजवळ मोठा कारखाना काढला. आणि १९५६ मध्ये मेटॉयनं ओतीव धातूच्या छोट्या गाड्यांचा नवा ब्रँड आणला. त्या काळात असल्या गाड्यांच्या खिडक्या नुसत्या भोकांच्या असत. यांनी त्यात पारदर्शक प्लास्टिक बसवलं आणि 'खिडक्या असलेल्या गाड्या' म्हणूनच त्या विकल्या. ब्रँडला नाव दिलं वेल्समधल्या एका बुटक्या कुत्र्याच्या जातीचं.

कॉर्गी.

मी रात्री साडेअकराला हे वाचलं. साताऱ्यात पहाटेचे तीन-साडेतीन वाजले असणार. सकाळ होईपर्यंत थांबलो आणि बाबांना व्हिडिओ कॉल केला. "बाबा, शोकेसमधली व्हॅन काढता का जरा? उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरा."

"आता हे काय नवीन?" म्हणत त्यांनी ती काढली. हात थोडा थरथरत होता, फोकस होईना. मग दिसलं: 'मेड इन जीटी. ब्रिटन'.

ज्या शहरानं त्या माणसाला हाकललं, त्या शहरातल्या माझ्या भाड्याच्या घरात बसून मी ते वाचत होतो. जर्मन गाडी, हद्दपार जर्मनानं उभ्या केलेल्या कंपनीत बनलेली, वेल्समधून लंडन, बोटीनं मुंबई आणि एसटीनं सातारा. चाळीसेक वर्षं ती आमच्या घरात तोंड मिटून बसली होती.

युद्धानंतर टिपको उलमानना परत मिळाली. ती १९७१ पर्यंत चालली. मेटॉय १९८३ मध्ये बुडाली.

विंचवाचं बिऱ्हाड

कॅराव्हॅनकडे मी जरा उशिरा वळलो. कारण साधं होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दर दोन वर्षांनी व्हिसाचे कागद घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला चाकावरचं घर बघून काहीतरी होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं यांचं गाडीमागे.

जर्मनीतल्या पहिल्या कॅराव्हॅनची गोष्ट तर सरळसरळ प्रेमकथा आहे. दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी इस्नी नावाचं गाव आहे. तिथे आरिस्ट डेथलेफ्स यांच्या घरचा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवायचा कारखाना होता. माल विकायला ते महिनोन्‌महिने फिरतीवर. त्यांची वाग्दत्त वधू, फ्रिडेल एडेलमान, चित्रकार होती. तिला असं मागे राहणं मंजूर नव्हतं. दोघांना एकत्र फिरता येईल आणि तिला चित्रंही काढता येतील, असं भटक्यांच्या गाडीसारखं काहीतरी बनव, असा तिचा आग्रह. १९३१ मध्ये आरिस्टनी गाडीमागे ओढायचं लाकडी घर बनवलं. नाव दिलं 'व्होनआउटो', राहायची गाडी.

ही गोष्ट मला इतकी आवडली की मी ती भेटेल त्याला सांगत सुटलो. पण 'भटक्यांच्या गाडीसारखं' हे शब्द नंतर टोचायला लागले. कारण युरोपात पिढ्यान्‌पिढ्या चाकावरच्या घरात राहणारे लोक खरोखर होते. सिंती आणि रोमा. १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर, शहर पाहुण्यांना स्वच्छ दिसावं म्हणून बर्लिनमधल्या सिंती-रोमांना उचलून शहराच्या कडेला मार्त्सानच्या छावणीत कोंडलं गेलं. पुढे त्यातल्या अनेकांना आउशवित्झला पाठवलं. एकाचं चाकावरचं घर म्हणजे सुट्टी, दुसऱ्याचं म्हणजे गुन्हा. लहानपणी साताऱ्याच्या वेशीवर उतरणाऱ्या घिसाड्यांच्या गाड्या आणि त्यांच्याकडे संशयानं बघणारे आम्ही मला आठवलो. हे फक्त तिकडचं आहे, असं म्हणायची सोय राहिली नाही.

दुसरी गोष्ट वाल्डसे गावची. युद्धाच्या अखेरीला तिथे एरिश बाखेम नावाचे इंजिनिअर 'नाटर' हे रॉकेट-विमान बनवत होते. लाकडी, उभं उडणारं, बाँबफेकी विमानांवर झेपावणारं. १ मार्च १९४५ ला त्यात पहिल्यांदा माणूस बसवून उड्डाण केलं. वैमानिक लोथार झीबर मिनिटभरात कोसळून मेला. दोन महिन्यांत युद्ध संपलं.

बारा वर्षांनी, १९५७ मध्ये, हेच बाखेम त्याच गावातल्या एर्विन हायमर या तरुणाच्या कार्यशाळेत एक छोटा कॅराव्हॅन बनवून घेत होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. बांधणीची रीत विमानाची, उपयोग सहलीचा. कॅराव्हॅनचं नाव 'एरिबा'. एरिश बाखेममधली पहिली अक्षरं. गोलसर पाठीचे ते एरिबा आजही युरोपच्या रस्त्यांवर दिसतात, आणि वाल्डसेमध्ये हायमर यांच्या नावानं चाकावरच्या घरांचं मोठं संग्रहालय आहे.

माझ्या कपाटात एक छोटा एरिबा आहे. तो बघितला की मला झीबर आठवतो आणि समुद्रकिनारा दोन्ही आठवतात. एकाला वगळून दुसऱ्याकडे बघायला जमत नाही.

साडेचार सेंटिमीटरची सुट्टी

पन्नासच्या दशकात पश्चिम जर्मनीत पैसा आला आणि लोक बाहेर पडले. ५ ऑगस्ट १९५५ ला दहा लाखावी बीटल कारखान्यातून निघाली. ऑगस्टमध्ये आल्प्स ओलांडून इटलीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा लागत. छोट्या इंजिनाच्या बीटलमागे ओढता येईल असा कॅराव्हॅन हलका, बसका आणि गोलच असावा लागे. त्यामुळे त्या काळचे कॅराव्हॅन अंड्यासारखे दिसतात.

ही सगळी रांग खेळण्यांत उतरली. बर्लिनच्या विकिंग कंपनीचे संस्थापक फ्रीडरिश कार्ल पेल्टझर तीसच्या दशकात १:१२५० या प्रमाणात युद्धनौका बनवायचे. नौदलात जहाजं ओळखायला शिकवण्यासाठी त्या वापरल्या जात. युद्धानंतर त्या बाजारात अर्थ राहिला नाही. १९४८ पासून विकिंग प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांकडे वळली. पुढे प्रमाण ठरलं १:९०. चार मीटरची बीटल या हिशेबात साडेचार सेंटिमीटरची होते. तिकडे ल्युडेनशाइडमध्ये रिशार्ड झीपर यांची कंपनी होती. 'झीपर कुन्स्टश्टोफे', म्हणजे झीपर प्लास्टिक्स, यावरून नाव पडलं सिकू. त्यांनी १९६३ मध्ये प्लास्टिक सोडून जस्ताच्या ओतीव गाड्या सुरू केल्या. दोघांनीही गाड्यांच्या जोडीला छोटे कॅराव्हॅन काढले. १९८४ मध्ये सिकूवाल्यांनी विकिंग विकत घेतली.

या गाड्या एकत्र मांडल्या की एक गोष्ट जाणवते. सगळं किती फिकं, गोड आहे. आकाशी, पिस्ता, साय. दहा वर्षांपूर्वी याच देशातली मुलं पत्र्याच्या तोफांनी खेळत होती. हे रंग बघताना वाटतं, एका अख्ख्या देशानं मागे वळून न बघता सुट्टीवर निघायचं ठरवलं होतं. त्यात लबाडी होती आणि गरजही होती. मला दोन्ही खरं वाटतं.

पूर्वेकडे सुट्टीचाही परीघ आखलेला. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. इटली बंद. उरला बाल्टिकचा किनारा, आणि परवानगी मिळाली तर हंगेरीतलं बालाटॉन सरोवर. ट्रॅबँटसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून थांबायचं, आणि मग तिच्या दुबळ्या इंजिनाला ओढता येईल असा 'क्यूईके ज्युनिअर' नावाचा छोटासा फायबरचा कॅराव्हॅन मिळवायची खटपट. पूर्वेकडचा प्लास्टिकचा छोटा ट्रॅबँट हातात घेतला की पश्चिमेच्या गाड्यांपेक्षा हलका लागतो. मोल्डची शिवण दिसते. पण १९८९ च्या उन्हाळ्यात बालाटॉनच्या काठी तंबू ठोकून बसलेले हजारो पूर्व जर्मन सुट्टी संपली तरी परत गेले नाहीत. ११ सप्टेंबरला हंगेरीनं ऑस्ट्रियाची सीमा त्यांच्यासाठी उघडली. दोन महिन्यांत भिंत पडली. सुट्टीवर आलेल्या माणसांनी घरी जायला नकार दिला, तिथून ती भिंत हलायला लागली होती.

वेड लागलंच असेल तर

कुणाला हे वेड लागायची लक्षणं दिसत असतील तर माझ्या चुकांतून चार गोष्टी.

पत्रा घासू नका. मऊ ब्रशनं धूळ काढा, गंज पसरू नये म्हणून कोरड्या जागी ठेवा, आणि थांबा.

जस्ताच्या जुन्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर तो रंगाचा दोष नसतो. ओततानाच मिश्रधातूत शिसं वगैरे अशुद्धी राहिली असेल तर धातू आतून फुगतो आणि एक दिवस भुगा होतो. याला उपाय नाही.

मऊ टायर आणि कडक प्लास्टिक वर्षानुवर्षं चिकटून राहिलं तर टायरमधलं रसायन प्लास्टिकमध्ये उतरतं आणि ते विरघळल्यासारखं होतं. मी एक सुंदर कॅराव्हॅन गाडीच्या टायरला टेकवून ठेवला आणि त्याच्या बाजूला कायमचा अर्धचंद्र उमटला.

आणि चौथी: खोकं असलेल्या, कधीही न खेळलेल्या गाडीची किंमत सर्वांत जास्त. बाजाराचा हा नियम मला कळतो, पटत नाही. जिला कुणी हातच लावला नाही ती गाडी मला थोडी बिचारी वाटते. नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून रंगवलेल्या गाड्याही खूप असतात. विचारा, उलटून बघा. विकणारा उलटू देत नसेल तर पुढे चला.

माझी लाल गाडी अजून कपाटात पुढेच आहे. तिच्याखाली चिठ्ठी लिहून ठेवली आहे: 'इथे यूएस-झोन असं लिहिलं होतं. मी पुसलं.' माझ्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल त्याला निदान कळावं.

बाबा आले तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा दोन महिने इकडे आले. बॅगेतून लोणची, मेतकूट, कंदी पेढे आणि एक पायमोजा निघाला. पायमोज्यात हिरवी व्हॅन.

"नातीला आणलीय," बाबा म्हणाले. माझी मुलगी पाच वर्षांची आहे.

मी ती हातात घेतली. सातवीनंतर पहिल्यांदाच. कोपऱ्यातला उडालेला रंग तसाच होता. सवयीनं उलटी केली. व्हिडिओ कॉलवर न दिसलेलं काहीतरी तिथे होतं. 'मेड इन जीटी. ब्रिटन'च्या बाजूला, करकटकानं कोरलेली वाकडीतिकडी अक्षरं: 'बाळू'.

"हे काय?"

"माझं नाव," बाबा म्हणाले, जणू आणखी कुणाचं असणार. "वाड्यात नऊ पोरं होती. नाव नको घालायला? मागचं एक टायर बघ, ते मूळचं नाही. सायकलच्या ट्यूबचं कापून बसवलंय. विहिरीत पडली होती एकदा."

"आणि आम्हाला म्हणे हात लावायचा नाही."

"तुझ्यापर्यंत टिकायला नको होती का?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तोंड भिंतीकडे केलं ते तुला ओरडायला लागू नये म्हणून. तुझी आई रोज पुसायची शोकेस."

मुलीनं तेवढ्यात व्हॅन पळवली होती. ती कपाटासमोर बसली, आतला एक सिकूचा कॅराव्हॅन काढला आणि व्हॅनच्या मागे लावायला लागली. मी म्हटलं, अगं, दोघांचं प्रमाण वेगळं आहे, तो हुक याला बसणार नाही.

बाबांनी आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यातून दोरा आणला. दोघांनी मिळून कॅराव्हॅन व्हॅनला बांधला आणि गाडी हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाली. उंबरा नाही इथे.